न दिसणे आणि नसणे: टेंभी नाक्यावरील आकाशाचा प्रमाणविचार

ठाणे शहराच्या जुन्या वस्तीत, रेल्वे स्थानकापासून जवळच असलेला टेंभी नाका आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवामुळे महाराष्ट्रभर ओळखला जातो. त्या नऊ रात्री देवीच्या मंडपाभोवतीची रोषणाई डोळे दिपवणारी असते. परंतु वर्षाच्या उरलेल्या रात्रीही रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, वाहनांचे झोत आणि इमारतींच्या दर्शनी भागावरील प्रकाश मिळून येथील आकाश कधीच पुरते काळोखे होऊ देत नाहीत. या आकाशात ठळक ग्रह आणि मोजके तारे सोडले तर नुसत्या डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. तरीही त्याच आकाशातून, माघ महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास जवळजवळ माथ्यावरून, पूर्ण चंद्राच्या दुपटीहून अधिक रुंदीचा एक तेजोमेघ सरकत जातो, आणि येथील एखाद्या घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून त्याचे छायाचित्र घेता येते. या साध्या वस्तुस्थितीतून दोन प्रश्न उभे राहतात, आणि दोन्ही भारतीय दर्शनांना फार पूर्वीपासून परिचित आहेत. जे दिसत नाही ते नाही, असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा पहिला. आणि डोळ्यांना कधीच न दिसलेली वस्तू यंत्राने व गणिताने समोर आणली, तर त्या ज्ञानाला कोणत्या प्रमाणात गणावे, हा दुसरा.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधील अवकाशात पसरलेला वायू व धूलिकण यांचा विस्तीर्ण मेघ. येथे ज्याचा विचार केला आहे तो रोझेट तेजोमेघ शृंगाश्व या तारकासमूहात, मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी आणि प्रश्वा या दोन ठळक ताऱ्यांच्या दरम्यान, काक्षीच्या बाजूला आहे. पृथ्वीपासून त्याचे अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षे असून त्याच्या मध्यभागी जन्मलेल्या तरुण, अतितप्त ताऱ्यांच्या जंबुपार किरणांमुळे त्यातील हायड्रोजनचे अणू आयनीभूत होतात आणि इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जाताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. मध्यावरच्या तारकागुच्छाची नोंद जॉन फ्लॅमस्टीड या इंग्रज ज्योतिर्विदाने सतराव्या शतकातच केली होती; त्याच गुच्छाला वेढून असलेल्या मेघाचे तुकडे मात्र एकोणिसाव्या शतकात, निरनिराळ्या निरीक्षकांना निरनिराळ्या वेळी, वेगवेगळ्या वस्तू म्हणून सापडले. तारे दिसत असताना त्यांना जन्म देणारा मेघ शतकाहून अधिक काळ नजरेआड राहिला, ही गोष्ट न दिसण्याच्या कारणांचा शोध घ्यायला लावणारी आहे.

हा शोध ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत नेमकेपणाने घेतलेला आहे. प्रकृती, म्हणजे सांख्यांनी मानलेले विश्वाचे मूळ कारण, डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती नाहीच, या आक्षेपाला उत्तर देताना त्याने अस्तित्वात असलेली वस्तूही न दिसण्याची आठ कारणे एका कारिकेत सांगितली आहेत: अतिशय दूर असणे, अतिशय जवळ असणे, इंद्रियाला इजा झालेली असणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, अधिक प्रबळ वस्तूने तिला झाकून टाकणे, आणि तिच्यासारख्याच इतर वस्तूंत ती मिसळून जाणे. यांतील शेवटच्या दोहोंना अनुक्रमे अभिभव आणि समानाभिहार अशा संज्ञा आहेत. अभिभवाचे उदाहरण म्हणून टीकाकार दिवसा सूर्यतेजामुळे न दिसणाऱ्या ग्रहनक्षत्रांचाच दाखला देतात, तर समानाभिहारासाठी वाचस्पती मिश्राने मेघातून तलावात पडलेल्या जलबिंदूंचे उदाहरण घेतले आहे, जे तलावात असतातच, पण वेगळे काढून दाखवता येत नाहीत.

टेंभी नाक्यावरून रोझेट का दिसत नाही, याचे उत्तर या आठ कारणांच्या साहाय्याने शोधू लागले, की प्रथम एक अनपेक्षित गोष्ट लक्षात येते. सर्वांत आधी सुचणारे कारण, म्हणजे अतिदूरत्व, येथे लागू पडत नाही. विस्तार असलेल्या वस्तूपासून दूर जाताना तिच्याकडून येणारा एकूण प्रकाश कमी होतो, परंतु आकाशातील तिचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात आक्रसते. म्हणून क्षेत्रफळाच्या प्रत्येक अंशाचे तेज, ज्याला पृष्ठतेज म्हणतात, तेवढेच राहते. एखादा प्रवासी त्या मेघाच्या पुष्कळ जवळ जाऊन पोहोचला तरी मेघ त्याला मोठा दिसेल, उजळ दिसणार नाही. खरे अडथळे अलीकडच्या बाजूला आहेत. मेघ इतका विरळ आहे की त्याचे पृष्ठतेज मुळातच अल्प आहे, हे सौक्ष्म्य होय. हिवाळ्यात खाडीवर आणि शहरावर साचून राहणारी धूळ व धुरके, तसेच पावसाळ्यातील चार महिन्यांचे ढग, हे व्यवधान होय. मंद प्रकाशात काम करणाऱ्या नेत्रपटलातील दंडपेशी ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात, आणि रस्त्यावरच्या दिव्यांमुळे त्यांना अंधाराशी जुळवून घेण्याची उसंतही मिळत नाही. हा इंद्रियाच्या बाजूचा दोष झाला. या सर्वांवर शहराच्या प्रकाशाने होणारा अभिभव चढतो.

हा अभिभव कसा घडतो हे समजून घेणे आवश्यक आहे. वर व आडव्या दिशेने सांडलेला प्रकाश हवेतील रेणू, धूलिकण आणि बाष्पबिंदू यांच्यावर आदळून विखुरतो व त्याचा काही भाग खाली परततो. त्यामुळे संपूर्ण आकाशच एक मंद प्रकाशित पडदा बनते. जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाचे नऊ वर्ग ठरवले, त्यांत पहिला वर्ग निर्मळ काळोखाचा आणि नववा महानगराच्या गाभ्याचा आहे. मुंबई-ठाणे पट्ट्यातील दाट वस्ती शेवटच्या दोन वर्गांत मोडते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार पृथ्वीवरील सुमारे एकतृतीयांश माणसांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगेचा पट्टा दिसूच शकत नाही. डोळ्याच्या दृष्टीने हा अभिभव आहे, परंतु कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या दृष्टीने त्याचे स्वरूप बदलते. मेघाकडून आलेला प्रकाशकण संवेदकावर पोहोचतोच, नष्ट होत नाही. तो शहरातून आलेल्या असंख्य प्रकाशकणांत मिसळून जातो. वाचस्पतीच्या तलावातील जलबिंदूची हीच स्थिती होती. म्हणून अंगणातून तेजोमेघाचे छायाचित्र घेणे हा अभिभवाचे रूपांतर समानाभिहारात करून मग मिसळलेले वेगळे काढण्याचा उद्योग आहे, असे म्हणता येते.

वेगळे काढण्याचे साधन दुहेरी आहे. त्यातले पहिले साधन रंगाचे. मेघाचा प्रकाश काही ठरावीक तरंगलांबींतच एकवटलेला असतो, हायड्रोजनचा ६५६.३ आणि दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरवर, शहराचा प्रकाश मात्र वर्णपटभर पसरलेला असतो. केवळ ३ ते ७ नॅनोमीटर रुंदीची फट सोडणारा नॅरोबँड फिल्टर बसवला, की मेघाचा प्रकाश जवळजवळ पुरता आत येतो आणि शहराच्या प्रकाशातील फार मोठा वाटा बाहेरच अडतो. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असल्याने तो गाळणे तुलनेने सोपे होते. गेल्या दशकात त्यांच्या जागी आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्वत्र पसरलेला असल्याने जुने फिल्टर पुरे पडत नाहीत आणि अरुंद फटीवाचून गत्यंतर उरत नाही.

दुसरे साधन काळाचे. डोळा सेकंदाच्या अल्पशा अंशापुरताच प्रकाश साठवतो, तर पृथ्वीच्या भ्रमणाबरोबर फिरणाऱ्या माउंटवर बसवलेला कॅमेरा काही मिनिटे एकाच बिंदूकडे पाहत राहतो, आणि अशा अनेक फ्रेम एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. या क्रियेला स्टॅकिंग म्हणतात. मेघाचा संकेत प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, गोंगाट मात्र यादृच्छिक असतो. त्यामुळे १६ फ्रेम एकत्र केल्या की संकेत गोंगाटाच्या तुलनेत ४ पट ठळक होतो, म्हणजे सुधारणा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी होते. आकाशाची पार्श्वभूमी दहापट उजळ असेल तर तितक्याच स्पष्टतेसाठी साधारण दहापट वेळ द्यावा लागतो. याशिवाय भिंगावर झाकण ठेवून घेतलेली डार्क फ्रेम संवेदकाच्या स्वतःच्या उष्णतेचा ठसा दाखवते व तो वजा केला जातो. समान उजेडाच्या पृष्ठाची घेतलेली फ्लॅट फ्रेम भिंगावरील धूळ आणि कडांची काळवंड दाखवते व तिने भागून तो दोष काढला जातो. शेवटी एका बाजूच्या दिव्यांमुळे आलेला उजेडाचा चढउतार, म्हणजे ग्रेडियंट, दूर केला जातो. या सर्व पायऱ्यांचा गाभा एकच आहे, आणि तो म्हणजे जे मेघाचे नाही ते ओळखून बाजूला करणे.

आता प्रमाणाचा प्रश्न येतो. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शनानुसार इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षातून, म्हणजे संबंधातून, उत्पन्न झालेले, अबाधित आणि निश्चयात्मक ज्ञान ते प्रत्यक्ष. आणि एखाद्या खुणेवरून, व्याप्तीच्या म्हणजे अटळ साहचर्याच्या आधारे, न दिसणाऱ्या वस्तूविषयी होणारे ज्ञान ते अनुमान. छायाचित्र पाहणाऱ्याच्या डोळ्याचा सन्निकर्ष पडद्यावरील ठिपक्यांशी होतो, मेघाशी होत नाही. त्यामुळे काटेकोरपणे पाहता हे मेघाचे प्रत्यक्ष नव्हे. परंतु धुरावरून अग्नी ओळखण्यासारखे ते निव्वळ अनुमानही नाही. कारण तेथे धूर आणि अग्नी या दोन भिन्न वस्तू असतात, तर येथे संवेदकावर उमटलेला ठसा मेघातूनच निघालेल्या प्रकाशाचा आहे आणि त्याची मांडणी मेघाच्या आकाराशी बिंदूगणिक जुळणारी आहे. चष्म्यातून पाहणाऱ्याचे ज्ञान प्रत्यक्ष मानले जाते, कारण काच प्रकाशाचा मार्ग बदलते, त्याचा आशय बदलत नाही. स्टॅकिंगने तयार झालेले चित्र चष्म्यापेक्षा दूर आणि धुरापेक्षा जवळ उभे आहे. त्याला अनुमानाने शुद्ध केलेले प्रत्यक्ष म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण त्यातील प्रत्येक वजाबाकीमागे एक अनुमान आहे, पण वजाबाकीनंतर जे उरते ते अनुमानाने निर्माण केलेले नाही.

या शेवटच्या विधानातच एक कठोर अट दडलेली आहे. बौद्ध तार्किक दिङ्नागाने प्रत्यक्षाचे लक्षण सांगताना ते कल्पनेपासून मुक्त असावे असे म्हटले. कल्पना म्हणजे नाव, जाती, गुण इत्यादींची मनाने केलेली जोड. छायाचित्राच्या बाबतीत ही जोड अनेक वाटांनी आत शिरू शकते. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रकाशाला अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा रंग नेमून देण्याची रीत हबल दुर्बिणीच्या चित्रांमुळे रूढ झाली आहे. तो संकेत आहे आणि तसे सांगितले तर त्यात असत्य काही नाही, कारण मूलद्रव्यांचे खरे वेगळेपणच त्यातून दाखवले जाते. गोंगाट पुसण्यासाठी हल्ली वापरल्या जाणाऱ्या, पूर्वी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून शिकलेल्या संगणकीय साधनांची गोष्ट वेगळी आहे. ती रिकाम्या जागी धूसर तंतू व कडा भरू शकतात, आणि मग समोर येते ते मेघ कसा असावा याविषयीचे सरासरी मत. ज्या क्षणी काढणे थांबते आणि घालणे सुरू होते, त्या क्षणी प्रमाण संपते. छायाचित्रकाराची नैतिकता या सीमेवर उभी आहे, आणि आपल्या तत्त्वविचारात आत्मज्ञानाची वाटही आरोप दूर करण्याची, म्हणजे वस्तूवर चढवलेले जे तिचे नाही ते उतरवण्याची मानली गेली आहे, हे साम्य केवळ अलंकारिक नाही. दोन्हींत साधकाचा मुख्य शत्रू एकच असतो: इष्ट ते दिसावे ही त्याची स्वतःची ओढ.

ही ओढ ज्ञानी माणसांनाही कशी चकवते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीशी जोडलेले आहे. तेजोमेघांच्या वर्णपटात ५००.७ नॅनोमीटरवर दिसणारी ठळक हिरवी रेषा कोणत्याही परिचित मूलद्रव्याशी जुळत नव्हती. इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांचे मत होते की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. त्यांचेच समकालीन इंग्रज ज्योतिर्विद विल्यम हगिन्स यांना ते अमान्य होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट पाहून ती रेषा तीक्ष्ण व बारीक असल्याचे १८९१ मध्ये नोंदवले, आणि पट्ट्याच्या कडेची कल्पना दुबळी केली. तरीही रेषेचा उगम कळेना, म्हणून नेब्युलियम नावाचे एक नवे मूलद्रव्यच गृहीत धरण्यात आले. मीमांसकांच्या परिभाषेत ही अर्थापत्ती होती, म्हणजे जे दिसते त्याची अन्यथा उपपत्ती लागत नाही म्हणून न दिसणाऱ्या गोष्टीची केलेली कल्पना. १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ही रेषा ऑक्सिजनचीच आहे. मेघ इतका विरळ असतो की पृथ्वीवरील वायूत जे संक्रमण टक्करींमुळे घडूच शकत नाही, ते तेथे निवांतपणे घडते. नेब्युलियम नाहीसे झाले. अन्यथा उपपत्ती लागत नाही असे म्हणण्यापूर्वी सर्व उपपत्ती तपासल्या गेल्या होत्या का, हा प्रश्न प्रत्येक अर्थापत्तीला विचारावा लागतो, आणि नायगमवालांची साधी, आग्रहरहित नोंद मात्र त्या सर्व उलथापालथीत अबाधित राहिली.

येथून धर्मविचारातील एका जुन्या वादाकडे वळता येते. मीमांसक कुमारिल भट्टाने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र स्थान नाकारले. परंतु एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे: कोणतेही न आढळणे अभाव सिद्ध करत नाही. वस्तू तेथे असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती असताना ती आढळली नाही, तरच तिचा अभाव कळतो. या अटीला योग्यता म्हणतात. उजेड असलेल्या खोलीत घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. टेंभी नाक्यावरची गंमत अशी की येथे योग्यता नष्ट करणारा अंधार नसून उजेड आहे. म्हणून येथील आकाश रिते आहे हा नगरवासीयाचा समज कितीही सहज असला तरी निराधार आहे.

हाच दाखला देऊन अनेकदा पुढचे पाऊल टाकले जाते: तेजोमेघ दिसत नसून आहे, तसाच ईश्वरही दिसत नसून आहे. हे पाऊल तर्काला धरून नाही. अयोग्य अनुपलब्धी अभाव सिद्ध करत नाही, तसाच ती भावही सिद्ध करत नाही. ती केवळ निर्णय राखून ठेवते. तेजोमेघाच्या बाजूने स्वतंत्र, सकारात्मक प्रमाण आहे: अडथळे कोणते ते सांगता येतात, एकेक करून दूर करता येतात, आणि कल्याणच्या, पुण्याच्या किंवा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या अंगणातून स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला तोच आकार मिळतो. ईश्वराच्या अस्तित्वाचा निर्णय करू पाहणाऱ्याने आपले प्रमाण आपल्याच क्षेत्रातून, मग ते श्रुतीचे असो, अनुभूतीचे असो वा युक्तीचे, उभे केले पाहिजे. तेजोमेघाकडून ते उसने मिळणार नाही. त्याचप्रमाणे केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकपंथी विचारानेही दिसत नाही एवढ्यावरून निषेध करणे थांबवले पाहिजे. आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही हे चित्र एकाच संयमाची मागणी करते.

उरतो अंधाराचा प्रश्न. भाट्ट, म्हणजे कुमारिलाच्या परंपरेतील, मीमांसकांच्या मते अंधार हे काळेपणा आणि हालचाल असलेले द्रव्य आहे. वैशेषिकांच्या मते तो प्रकाशाचा अभाव आहे. भौतिकशास्त्र वैशेषिकांच्या बाजूने कौल देते. मग अभावच असलेल्या अंधाराचे रक्षण कशासाठी करायचे, अशी शंका येते. तिचे उत्तर न्याय-वैशेषिक परंपरेतच आहे. उत्तरकालीन परंपरेने अभाव हा सातवा पदार्थ मानला, आणि कार्य घडण्यासाठी प्रतिबंधकाभाव, म्हणजे अडथळ्याचा अभाव, हेही कारण असल्याचे नव्य नैयायिकांनी मान्य केले. अंधार काही निर्माण करत नाही हे खरे, पण मंद वस्तूच्या ज्ञानाला तो प्रतिबंधकाभाव म्हणून कारण आहे. तो गेला की ज्ञानाच्या सामग्रीतील एक घटकच गेला. उपनिषदांतील अंधारातून प्रकाशाकडे जाण्याच्या प्रार्थनेत अंधार अज्ञानासाठी आलेला आहे, आणि ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानाचे खंडन विस्ताराने केले आहे. पण आकाशाच्या बाबतीत अज्ञान आज दिव्यांच्या बाजूला आहे, हे ध्यानी घेतल्यास त्या प्रार्थनेचा भाव अधिकच नेमका कळतो.

दिवा हा धर्माचारातील मूळ उपचार आहे, आणि परंपरेने त्याला नेहमी माप दिले आहे. घटस्थापनेचा अखंड नंदादीप नऊ रात्री तेवतो, पण घटापुरता. गाभाऱ्यातली समई मूर्तीपुरती. त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ एका सणापुरती. प्रत्येक दिव्याला जागा आहे, वेळ आहे आणि उद्देश आहे. ज्याला यांपैकी काहीच नाही तो प्रकाश पूजेचा नव्हे, केवळ सांडलेला असतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ही अभिमानाची बाब आहे. परंतु काळोखी आकाशे केवळ अरण्यांत जपून ठेवायची आणि शहरांनी ती विसरायची, ही वाटणी न्याय्य नाही. यंत्राने आणि संयमाने एखादा साधक अंगणातून मेघ वेगळा काढू शकतो, म्हणून शहराची जबाबदारी कमी होत नाही. तो काढावा लागतो, यातच शहराने काय झाकले त्याचा पुरावा आहे.

सांख्यकारिकेतील न दिसण्याच्या आठ कारणांत अभिभव सोडता इतर सातांपैकी बहुतेक निसर्गाची आहेत. अभिभव मात्र नगराने स्वतः निर्माण केलेला आहे, आणि तो दूर करणे नगराच्या हाती आहे. रस्त्यावरच्या दिव्यांना प्रकाश फक्त खाली पाडणारी टोपी बसवावी, निळसर पांढऱ्याऐवजी उबदार रंगाचे दिवे लावावेत, दुकाने बंद झाल्यावर पाट्या विझवाव्यात, आणि देवीची शेजारती झाल्यावर मंडपाबाहेरील रोषणाई पहाटेपर्यंत जळत ठेवू नये. नवरात्रात मध्यरात्रीनंतर रोझेट पूर्व क्षितिजावर चढू लागतो. उत्सव मंडळांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि महापालिकेने एवढे केले, तर देवीच्या उत्सवात काही उणे होणार नाही, आणि ठाण्याच्या मुलांना आपल्याच आकाशाविषयी खरे बोलण्याची योग्यता परत मिळेल.